भंतेची माय

माय,

आम्ही बँकॉककडे होतो तेव्हाच्या एका रविवारी सकाळी तुझे जावई दारापुढच्या रांजणापाशी उकिडवे बसून माझं लुगडं धूत होते. मी आत स्टोव्हला पंप मारत होते आणि खिडकीतून सांगत होते की काठ घासू नका, रंग उतरेल. ते म्हणाले, "काठाले हात नाही लावला अजून. तू चहाकडं ध्यान दे, मागच्या रविवारी उतू घातला होता." त्यांचे निळे शर्ट आधीच दोरीवर लटकत होते. कारखान्यातलं तेल कितीही साबण लावला तरी निघत नसे, धुतलेला शर्ट कोणता आणि न धुतलेला कोणता हे वास घेऊनच ठरवावं लागे. मच्छरदाणी कठड्यावर पसरलेली होती. आपल्या मोहल्ल्यात नवरा असा बायकोचं लुगडं पिळताना दिसला असता तर आठ दिवस दुसरा विषय निघाला नसता. तिथं पाहायला कोण होतं? घर लाकडी खांबांवर उभं, खाली चिखल आणि बदकं, पुढे कालवा, आणि शेजारी एक म्हातारी, ती आपल्या पायरीवर बसून यांच्याकडे बघून हसायची. मी डब्यातल्या गोड दुधाचा चहा घेऊन बाहेर येते, ते ओल्या हातांनी कप धरतात, आणि आम्ही दोघं पाण्याकडे पाय सोडून बसतो. आठवड्यातून तेवढी एक सकाळ आमची असायची.

हे मी तुला तेव्हाही कळवलं असतं. पण माझी पत्रं तुला गुरुजी वाचून दाखवायचे, आणि ते वाचायला बसले की निंबाखाली अर्धा मोहल्ला गोळा व्हायचा. अशा पत्रात माणूस काय लिहिणार? आम्ही खुशाल आहोत, तुमची खुशाली कळवावी. आज लिहिते ते कोणी वाचून दाखवणार नाही, म्हणून जरा ऐसपैस लिहिते. पुस्तकातल्यासारखं लिहिते म्हणून हसू नकोस. तुझ्याशी जन्मभर मले-तुले करूनच बोलले, पण मला वाचायला शिकवलं ते दुकानातल्या पुड्यांच्या कागदांनी, आणि पुढे हाताला लागतील त्या पुस्तकांनी. त्यामुळे हातात पेन आलं की आपली बोली आपसूक मागे सरते. बोलताना ती आहे तशीच आहे.

तुला जाऊन किती वर्षं झाली. तुझे जावईही आता नाहीत, मागच्या धानकापणीच्या दिवसांत गेले. मी बालाघाटला, तुझ्याच मोहल्ल्यात, तुझ्याच खोलीत राहते. तू मला एक प्रश्न विचारला होतास आणि त्याचं उत्तर तुझ्यापर्यंत पोचलं नाही. ते सांगायला बसले आहे.

जावई राइस मिलमध्ये फिटर होते, हे तुला सांगायला नको. त्या मिलच्या कोंड्यावर तुझी चूल पेटायची. मिलमालकाच्या साडूने बँकॉकच्या बाहेर पोत्यांचा कारखाना काढला, तिथं मशिनी बसवायला आणि चालू ठेवायला ओळखीची माणसं हवी होती, म्हणून यांना विचारलं. मी घाबरले. गोंदियाच्या पलीकडे मी फक्त नागपूर पाहिलं होतं. तू मात्र लगेच म्हणालीस, "भंतेचा देश आहे ना तो? मग जा." यांनी तुला समजावून सांगितलं की तिथं राजाही बौद्ध आणि रस्ता झाडणाराही बौद्ध. तू हातातलं सूप खाली ठेवलंस आणि विचारलंस, "रस्ता झाडणाराही?" ते हो म्हणाले. तू थोड्या वेळाने पुन्हा विचारलंस, "जवाईबापू, अन् त्याच्या हातचं पाणी?" ते म्हणाले, "सगळेच पेतात, माय." तू सूप उचललंस आणि पाखडायला लागलीस, पण मला ठाऊक आहे, त्या दिवशी तू पाखडलेलेच तांदूळ पुन्हा पाखडत होतीस.

निघायच्या आदल्या दिवशी तू एक पांढरी थैली दिलीस. आत चिन्नोर होता. राजेगावच्या बाजूला कापणीला जायचीस त्या मजुरीतला, घरी कधी शिजवायची नाहीस, वासाचा तांदूळ म्हणून जपून ठेवायचीस तो. म्हणालीस, "तिथल्या भंतेच्या हातात दे. तुझ्या हातानं. खाली ठेवू नको." मी हो म्हटलं. का ते विचारायची गरज नव्हती.

मी लहान होते तेव्हाच्या त्या मजुरीच्या संध्याकाळी मला अजून दिसतात. खळ्यावर बायांची रांग लागायची, तू पदर पसरायचीस आणि मालकाचा माणूस वरून धान ओतायचा, हात एवढा उंच धरून की चुकूनही बोट लागू नये. बाजारात मीठही तसंच. दुकानदार पुडी वरून सोडायचा, तू पदरात झेलायचीस. चुकली तर खाली पडायची आणि तो म्हणायचा, "नीट धर ना." मग त्या दसऱ्याला तू मोहल्ल्यातल्या लोकांबरोबर नागपूरला गेलीस, पांढरं लुगडं नेसून दीक्षा घेऊन आलीस, आणि पुढच्या बाजाराला मला घेऊन त्याच दुकानापुढे उभी राहिलीस. त्याने पुडी वर धरली. तू पदर काढला नाहीस, हात पुढे केलास.

"हातात दे."

"काहून वं? पदर फाटला काय?"

"फाटला नाही. आता पसरत नाही."

तो हसला, मागे वळून आपल्या भावाला म्हणाला, "सुन रहा है? नागपूर हो आई है." तू तशीच उभी. मागे गिऱ्हाइकं थांबली, कोणीतरी चिडून म्हणालं, दे ना बाबा, उगाच खोळंबा. शेवटी त्याने पुडी तुझ्या तळहातावर टेकवली, पटकन, तवा तापलेला असावा तशी. घरी येईपर्यंत तू मुठीतलं मीठ थैलीत टाकलं नाहीस. तेव्हापासून आपल्या घरात एकमेकांना द्यायचं ते हातात द्यायचं, साधी काडेपेटीसुद्धा फेकायची नाही, हा नियम झाला. यांना लग्नानंतर तो शिकावा लागला. पाना हवा असला की ते मागायचे आणि मी स्टोव्ह सोडून तो हातात नेऊन द्यायचे, मग ते म्हणायचे, "सासूबाईचा कायदा लय कडक."

तिकडचे दिवस मला शनिवार-रविवारचेच आठवतात. बाकीचे दिवस ते भोंग्याबरोबर जात आणि अंधार पडता येत, मी एकटी. शनिवारी दुपारी कारखाना सुटे. मग आम्ही होडीने बाजाराला जात असू. बायका होड्यांत बसूनच भाजी विकायच्या, वांगी आपल्या बोराएवढी, मिरची एवढीशी पण यांच्या डोळ्यांतून पाणी काढणारी. तुरीची डाळ मिळत नसे. एका बाईने यांना बघून हाक मारली, "खेक! खेक!" यांना वाटलं शिवी दिली, चेहरा उतरला. पुढे कारखान्यातल्या एकाने सांगितलं की त्यांच्या भाषेत खेक म्हणजे पाहुणा, हिंदुस्थानातल्या सगळ्याच माणसांना तसं म्हणतात. हे लगेच खूश झाले. घरी येऊन म्हणतात, "पाव्हण्याले चहा मांड वं." विहाराला तिकडे वात म्हणतात. त्यावरूनही त्यांचं चालायचं, आपल्याकडं वात दिव्यात घालतात, इथं माणसं वातीत जातात.

दूध द्यायला गोरखपूरकडचा एक भैया यायचा. परक्या मुलखात हिंदी ऐकून मला पहिल्या दिवशी भरूनच आलं. त्याने दूध मोजून दिलं, गावाची चौकशी केली, बालाघाट कुठे ते विचारलं, आणि मग विचारलं, "कौन बिरादरी हो, भाई?" माझा हात भांड्यावर तसाच राहिला. समुद्र ओलांडून आलो तरी पहिला प्रश्न तोच. हे शांतपणे म्हणाले, "फिटर." भैया म्हणाला, "नहीं, वो तो काम हुआ. बिरादरी?" हे म्हणाले, "बाप भी फिटर." तुझे व्याही बैलगाडी हाकायचे, पण ते जाऊ दे. भैया गेल्यावर आम्ही इतकं हसलो की दूध ठेवायला हात स्थिर राहीनात. पण त्या दिवसापासून मी डब्यातलं दूध घ्यायला लागले.

रविवारी दुपारी जेवण झालं की ते चटईवर आडवे होत आणि मी वाचून दाखवत असे. तीनच मराठी पुस्तकं नेली होती. तीही संपली की पुन्हा पहिल्यापासून. त्यांना गोष्टीपेक्षा मी अडखळते कुठे त्यात रस. जोडाक्षरावर मी थांबले की डोळे मिटूनच म्हणायचे, "ढकल, ढकल." पान उलटताना मी बघायचे, तर ते झोपलेले असायचे. तरी मी वाचणं थांबवत नसे. थांबवलं की जागे होत.

तुझी थैली द्यायला आम्ही पहिल्याच महिन्यात निघालो होतो. रविवारी सकाळी मी पांढरं लुगडं नेसले, यांनी पांढरा सदरा घातला, होडीने वातीला गेलो. तिथं कोणी नाही. अंगणात कुत्री झोपलेली, एक म्हातारे भंते खराट्याने पानं लोटत होते. आमच्या पांढऱ्या कपड्यांकडे पाहून ते गोंधळले, मग आभाळाकडे बोट करून काहीतरी म्हणाले आणि हसले. आम्हीही हसलो आणि परत आलो. आपल्याकडे मोहल्ल्यातली वंदना रविवारी, कारण सुट्टी त्या दिवशी. बुद्धाचा वार रविवार असा आमचा पक्का समज झालेला. तिकडे त्यांचा दिवस चंद्रावर ठरतो, कधी मंगळवारी येईल कधी शुक्रवारी, आणि कारखान्याला चंद्राशी काय देणंघेणं. शेजारच्या म्हातारीने मला बोटांनी चंद्र मोठा होताना दाखवला तेव्हा कुठे कळलं. तिकडे मावशीला पा म्हणतात, मीही तिला पा म्हणायचे. मग पुनव आणि रविवार एकत्र येण्याची वाट पाहत बसलो. थैली मी खिळ्याला उंच टांगली होती, मुंग्यांसाठी खिळ्याभोवती घासलेटचा बोळा.

ती पुनव आली. वात माणसांनी फुलून गेली होती. शेजारच्या पाने मला आपल्याबरोबर बायकांत बसवलं. पुरुष पुढे जात आणि आपली ताटं, फळं भंतेंच्या हातात देत, भंते दोन्ही हातांनी घेत. मी पाहत होते आणि मला सारखं वाटत होतं की तू इथं असायला हवी होतीस. पाहुणी म्हणून बायकांत पहिली पाळी माझी आली. समोर एक तरुण भंते होते, काळ्या काड्यांचा चष्मा लावलेले. मी गुडघ्यावर बसले, थैली दोन्ही हातांत धरून पुढे केली. त्यांनी हात मागे घेतले. कडेचा एक पिवळा कापडाचा तुकडा उचलला, आपल्यापुढे पसरला, त्याचं एक टोक बोटांत धरलं आणि नजर खाली केली. ठेव, असा अर्थ.

मला खळं दिसलं, माय. मला मिठाची पुडी दिसली.

मी म्हटलं, "हातात घ्या जी." मराठीतच. दुसरी कोणती भाषा मला येत होती? ते तसेच बसून राहिले. मी पुन्हा म्हटलं, "माझ्या मायनं सांगतलं, हातात घ्या." मागच्या बायका कुजबुजायला लागल्या, पाने माझ्या कोपराला हात लावला. पुरुषांच्या रांगेतून हे उठून उभे राहिले, त्या सगळ्या गर्दीत माझे शब्द एकट्या त्यांना कळले होते. मी थैली छातीशी धरली आणि बाहेर आले.

होडीत त्यांनी आधी मला बसवलं. मग म्हणाले, "मी देऊन येऊ काय? पुरुषाच्या हातून घेतात ते."

"तुमाले दिला होता काय तांदूळ?"

"मले नाही दिला."

"मग बसा."

ते बसले. मग मीच म्हटलं, "इथंही ओळखतात काय आपल्याले? तोंडावर लिवलं असते काय?" त्यावर त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. भर होडीत, चार बायकांसमोर. असं ते कधी करत नसत.

दोन-चार दिवसांनी पाने मला समजावलं. काही शब्द, बाकी हात. भंतेंनी बाईला शिवायचं नाही, बाईच्या हातून हातात घ्यायचं नाही, कोणतीही बाई असो. तिने स्वतःकडे बोट दाखवलं, भाजीवालीकडे दाखवलं, मग डोक्यावर मुकुट दाखवला, राणीसुद्धा. रात्रीचा भात वाढता वाढता मी हे यांना सांगितलं. ते सुटल्यासारखे म्हणाले, "म्हणजे जातीचं नाही."

"बाईचं आहे," मी म्हटलं.

"सगळ्याच बायांचं आहे. राणीचंही."

"राणीच्या मायच्या पदरात कोणी वरून मीठ टाकलं नसंल."

ते उठले आणि स्टोव्हची पिन शोधू लागले. स्टोव्ह चांगला चालला होता.

मला कळत नव्हतं की तुला काय लिहावं. दिला म्हणून लिहिणं शक्य नव्हतं. नाही घेतला म्हणून लिहावं तर ते निंबाखाली वाचलं जाणार. तू ज्या देशाकडे तोंड करून हात जोडायचीस तिथल्या भंतेने तुझा तांदूळ हातात घेतला नाही, हे सगळ्या मोहल्ल्याने ऐकायचं. हे म्हणाले, "मायले खोटं चालत नाही. खरं लिव, अन् गुरुजीले सांग एकटीले वाचून दाखवा." तसं लिहिलं. वर ठळक अक्षरात घातलं, गुरुजी, हे फक्त मायला वाचून दाखवावे.

तुझं उत्तर आलं ते शनिवारी, हे कारखान्यातून घेऊन आले. सुरुवात गुरुजींची, तुमचे पत्र पावले, मजकूर समजला. आणि मग एकदम तू. गुरुजींनी तू बोललीस तसंच उतरवलं होतं, त्यांचे उपकार मी विसरणार नाही. "तुझं पत्र गुरुजीनं दार लावून वाचलं, तर समद्यायले वाटलं तुले दिवस गेले. शेजारणीनं दुपटं शिवाले घेतलं." यावर आम्ही दोघं हसलो, पण तसं काही नव्हतं, पुढेही झालं नाही. त्याखाली लिहिलं होतं, "तू रागानं उठून आली ते मले समजलं. पण एक सांग. त्या भंतेले माय आहे काय? असंल तर तिच्या हातचं तो घेते काय? हे विचारून कळव. अन् तांदूळ ठेवून ठेवून वास जाईल त्याचा. देणं झालं नाही तर रांधून खा दोघं."

मी ते पत्र कितीदा वाचलं. तुझ्या वतीने मी महिनाभर धुमसत होते, आणि तुला त्या भंतेच्या आईची चौकशी.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी भंते होड्यांतून भिक्षेला निघायचे, कटोरा मांडीवर घेऊन, स्वतः वल्हं मारत. एक होडी रोज पाच्या पायरीला लागायची. पा खाली उतरून कटोऱ्यात पळीने भात घालायची, पाण्याच्या कडेला बसून हात जोडायची, होडी पुढे जायची. हे मी पहिल्या दिवसापासून पाहत होते, पण कालव्यावर हे सगळ्याच घरी होतं म्हणून कधी नीट पाहिलं नव्हतं. त्या दिवशी नीट पाहिलं. होडीतले भंते तेच, काळ्या काड्यांच्या चष्म्याचे. होडी वळणापलीकडे गेली तशी मी पाकडे गेले. आईला तिकडे मे म्हणतात, आपल्या मायच्या किती जवळ. मी होडीच्या दिशेने बोट केलं आणि विचारलं, "त्याला मे आहे?"

पाने आपल्या छातीवर हात ठेवला.

मला वाटलं तिला प्रश्न कळला नाही. मी पुन्हा विचारलं. तिने या वेळी पोटावर हात ठेवला, मग होडी गेली तिकडे बोट केलं आणि म्हणाली, "लूक." लूक म्हणजे लेकरू, तेवढं मला येत होतं. मग तिने जमिनीपासून वीतभर वर हात धरला, मग गुडघ्याशी, मग कमरेशी, मग छातीशी, पोर वाढत गेलं तसा तसा हात वर नेला. खांद्याशी आल्यावर तो हात थांबला, दुसरा हात त्याला येऊन मिळाला, आणि तिने नमस्कार केला. तेवढा होईपर्यंत तिचा. पुढे नाही.

त्याआधीच्या पावसाळ्यात पाला ताप होता तेव्हा हेच भंते तिच्या पायरीपाशी दुपारभर बसून होते. मला वाटलं होतं, काही पाठ म्हणायला आले असतील. औषधाची बाटली त्यांनी फळीवर ठेवली होती आणि पाने ती फळीवरून उचलली होती. हे सगळं मी खिडकीतून पाहिलेलं आणि मला काहीच दिसलेलं नव्हतं.

तर माय, तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं. माय आहे. आणि तिच्याही हातचं तो हातात घेत नाही. ती त्याच्या कपाळावर हात ठेवू शकत नाही, तो तिला हात देऊन पायरी चढवू शकत नाही. मला हे तेव्हा पटलं नाही, आजही पटत नाही. बाईच्या हाताला असं काय लागलेलं असतं, हे मला कोणी समजावून सांगितलेलं नाही. पण त्या दिवशी माझा राग मला नीट धरता येईना. ज्यांनी आपल्याला शिवू दिलं नाही ते घरी जाऊन आपल्या आईच्या हातचं पोटभर जेवत होते. हा आईलाही सोडून बसला होता. दोन्ही गोष्टींना मी एकच नाव दिलं होतं. तू दिलं नाहीस, तू आधी विचारलंस.

तो चिन्नोर आम्ही पुढच्या रविवारी रांधला. पहाटे उठून, यांनी स्टोव्ह पेटवला. झाकण काढलं तर वास होता, माय. थोडा मेला होता, पण होता. अर्धा भात मी पाला नेऊन दिला, भांडं तिच्या हातात. तिने हुंगलं, डोळे मोठे केले, आणि होडी आल्यावर त्याच भांड्यातला कटोऱ्यात घातला. मी आमच्या दारातून पाहत होते. भंतेंनी मान वर केली नाही. उरलेला आम्ही दोघांनी खाल्ला, डाळ नव्हती, नुसत्या मिरचीच्या ठेच्याबरोबर. हे म्हणाले, "सासूबाईनं लपवून ठेवला होता इतके दिवस. लग्नातही वाढला नाही." त्याच दुपारी पुस्तक बाजूला ठेवून मी तुला उत्तर लिहायला घेतलं. पाचे हातवारे कागदावर येईनात म्हणून ते अर्धंच राहिलं. पुढच्या रविवारी पुरं करू म्हटलं.

आता हे एवढं लिहिलं आहे आणि कुठे धाडायचं नाही. खरं सांगते, उत्तर हे निमित्त. रविवार उजाडतो आणि खोलीत बोलायला कोणी नसतं. तुझ्या जावयांविषयी कोणापाशी बोलावं तर लोक दोन वाक्यांत मला सावरायला लागतात, आणि मला सावरायचं नसतं, ते कसे होते ते सांगायचं असतं. तुला ते आवडायचे, म्हणून तुला लिहायला बसले. पुढचं तेवढं सांगते आणि थांबते.

त्या पुढच्या रविवारी दुपारी कारखान्याचा दरवान तार घेऊन आला. यांनी वाचली, घडी घातली, माझ्याजवळ येऊन बसले आणि म्हणाले, "माय गेली." तार पोचेपर्यंत तुझं सगळं होऊन गेलं होतं. जाणं शक्य नव्हतं. त्या दिवशी त्यांनीच स्वयंपाक केला. आम्ही जेवलो नाही.

दुसऱ्या दिवशी सोमवार होता. ते कामावर गेले. मी पाच्या घरी गेले आणि संध्याकाळपर्यंत तिच्याजवळ बसून लसूण सोलला.